रिमोट टर्मिनल क्लायंट: नवा लिहायचा की आहे तो नीट बसवायचा?

पालघर जिल्ह्यातल्या डहाणूत किंवा तलासरीत बसून पुण्या-मुंबईतल्या मोठ्या संगणकावर काम करायचे असेल, तर महागड्या यंत्राची गरज नाही. जुना डेस्कटॉप, मधूनमधून जाणारे का होईना पण नेट आणि एक लहानसा प्रोग्राम एवढ्यावर भागते. हा प्रोग्राम म्हणजे रिमोट टर्मिनल क्लायंट. आपण इथे आदेश टाइप करतो, तो दूरच्या संगणकावर चालतो आणि त्याचे उत्तर आपल्या पडद्यावर अक्षरांत उमटते. चित्रे नाहीत, माउसला फारसे काम नाही. तरीही जगभरचे लिनक्स सर्व्हर आजही मुख्यतः याच वाटेने सांभाळले जातात.

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला असा क्लायंट स्वतः लिहावासा वाटतो. प्रकल्पाला विषय चांगला आहे, आटोपशीर दिसतो आणि ‘मराठीतला पहिला’ म्हणून मिरवताही येतो. दुसरीकडे, ज्याला फक्त काम करायचे आहे तो सर्च इंजिनवर पहिले नाव दिसेल ते डाउनलोड करून मोकळा होतो. दोन्ही वाटांवर खाचखळगे आहेत. म्हणून आज हाताशी काय आहे, ते बनवायला काय लागते, आपल्या भागाला आणि आपल्या लिपीला ते कुठे अपुरे पडते आणि बसवताना कशाची काळजी घ्यावी, हे एकत्र पाहू.

आपल्या भागात याचे काम काय?

डहाणू तालुका १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरला आणि कारखान्यांवर मर्यादा आल्या. नोकरीसाठी माणसे बोईसर-तारापूरला, सीमेपलीकडे उंबरगाव-वापीला जात राहिली. १६ एप्रिल २०१३ पासून उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत आली, तेव्हा मुंबईची वाट सोपी झाली, पण जाण्यायेण्यात दिवसाचे काही तास जाऊ लागले. सर्व्हर सांभाळणे, संकेतस्थळे चालवणे, डेटावर काम करणे अशा कामांना धुराडे लागत नाही आणि रोजची लोकलही लागत नाही. शिवाय यंत्रे आता जवळ आली आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे आणि मुंबईत, अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली क्लाउड केंद्रे सुरू केली. डहाणूहून ती सिंगापूर किंवा अमेरिकेइतकी दूर नाहीत, त्यामुळे टाइप केलेले अक्षर पडद्यावर यायला लागणारा वेळही तेवढा कमी.

संशोधनाची बाजू वेगळी. पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) १९९१ मध्ये परम ८००० उभा केला, तेव्हापासून महासंगणकांची तिथे रांगच लागली आहे. परम सिद्धी-एआय सी-डॅककडे, परम ब्रह्म आयसर पुण्यात, हवामानासाठी आधी प्रत्यूष आणि मग अर्क हे भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेत, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेल्या तीन परम रुद्र यंत्रांपैकी एक जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीकडे. अशा यंत्रावर खाते मिळालेला संशोधक यंत्राच्या खोलीत पाऊल ठेवत नाही. तो टर्मिनलमधून लॉगिन करतो, आपले काम रांगेत लावतो आणि निकाल उचलतो.

खुद्द डहाणू-तलासरी या दोन तालुक्यांतलेही एक उदाहरण आहे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि अभ्यासासाठी भूकंपमापक बसवले गेले. आजच्या अशा नोंदयंत्रांत बहुधा लहान लिनक्स संगणक असतो. घड्याळ बरोबर आहे का, साठवणूक भरली का, नोंदी पुढे जातात का, हे प्रत्येक वेळी जीप काढून पाहण्यापेक्षा दूरवरून लॉगिन करून पाहणे सोयीचे. ग्रामीण भागात विखुरलेल्या कुठल्याही यंत्रणेला हेच लागू आहे, मग ते हवामान केंद्र असो वा सौर पंपाचे नियंत्रक.

आणखी एक कारण शुद्ध हिशेबाचे. जुन्या मापाचा टर्मिनलचा पडदा ८० अक्षरे रुंद आणि २४ ओळी उंच, म्हणजे पूर्ण भरला तरी १,९२० अक्षरे. सगळा डेस्कटॉप चित्ररूपाने पाठवणाऱ्या प्रोग्रामला यापेक्षा कितीतरी पट डेटा लागतो. जिथे मोबाइलची एखादी काडीच दिसते, तिथेही टर्मिनल चालतो.

इथवर कसे आलो

टर्मिनल आधी प्रोग्राम नव्हता, वस्तू होती. १९६० च्या दशकात टेलिटाइप मॉडेल ३३ कागदावर खटखट छापायचा. मग पडदे आले आणि १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीने व्हीटी१०० बाजारात आणला. कर्सर हलवणे, पडदा पुसणे, ठळक अक्षर दाखवणे यांसाठी त्याने वापरलेले सांकेतिक आदेश इतके रुजले की आजचा प्रत्येक क्लायंट मुळात त्या यंत्राची नक्कलच करतो.

जोडणीची गोष्ट वेगळी चालली. टेलनेटची सुरुवात १९६९ ची, प्रमाण रूप १९८३ चे. त्यात सगळे उघडे जायचे, पासवर्डसुद्धा. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्र विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरीला गेल्यावर तातू यलोनेन यांनी सांकेतिक जोडणीचे एसएसएच लिहिले. फाइल पाठवण्याचे पोर्ट २१ आणि टेलनेटचे २३, म्हणून मधले मोकळे २२ त्यांनी मागून घेतले. १९९९ मध्ये ओपनबीएसडी या मुक्त संगणकप्रणालीच्या मंडळींनी मुक्त ओपनएसएसएच काढले आणि २००६ मध्ये एसएसएचची दुसरी आवृत्ती अधिकृत प्रमाण झाली. आज रिमोट टर्मिनल म्हटले की एसएसएचच समजायचे.

आपल्याकडचा धागाही लक्षात ठेवण्याजोगा आहे. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी लोकांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा स्वस्तातले खाते होते ते शेल खाते. मोडेमने नंबर फिरवायचा आणि दूरच्या यूनिक्स यंत्रावर अक्षरांच्या पडद्यावरच मेल वाचायची, बातम्या पाहायच्या. आपल्या घरातले पहिले इंटरनेट हेच एक रिमोट टर्मिनल होते. डहाणूकराला त्यासाठी मुंबईचा एसटीडी कॉल पडे, हा भाग निराळा.

त्याहून महत्त्वाचे काम पुण्यात झाले. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिपींचे संशोधन मोहन तांबे यांच्याबरोबर सी-डॅकमध्ये आले आणि तिथल्या जिस्ट गटाने पीसीसाठी कार्ड तर काढलेच, शिवाय यूनिक्सच्या बहुवापरकर्ता यंत्रांना जोडता येईल असे जिस्ट टर्मिनलही बनवले. त्याच्या जोडीला इस्की हे भारतीय लिपींचे संकेतन १९९१ मध्ये भारतीय मानक झाले. म्हणजे टर्मिनलवर देवनागरी हा प्रश्न नवा नाही. वस्तूच्या रूपात तो इथे एकदा सोडवला गेला होता.

आज हाताशी काय आहे

विंडोजवर सर्वांत जुना आणि विश्वासाचा पर्याय पटी. केंब्रिजचे सायमन टॅथम यांनी सुरू केलेला हा प्रोग्राम १९९९ पासून लोकांच्या हाती आहे. तो मुक्त परवान्याखाली मिळतो, जेमतेम काही एमबीचा आहे आणि इन्स्टॉल न करताही चालतो. एवढी वर्षे होऊनही त्याने आवृत्ती १.० चा आकडा गाठलेला नाही, पण जुन्या यंत्रावर त्याच्याइतके हलके काही नाही. उणीव एवढीच की टॅब नाहीत आणि सेटिंगची खिडकी नवख्याला घाबरवते.

दुसरा पर्याय अनेकांना ठाऊकच नसतो: तो आधीच बसवलेला असतो. २०१८ पासून विंडोज १० मध्ये ओपनएसएसएचचा क्लायंट येऊ लागला आणि २०२० मध्ये विंडोज टर्मिनलची पहिली पक्की आवृत्ती आली. विंडोज ११ वर हे दोन्ही एकत्र वापरले तर बहुतेकांना आणखी काही डाउनलोड करायची गरज नाही. लिनक्स आणि मॅकवर तर एसएसएच वर्षानुवर्षे आहे.

मोबाएक्सटर्म फाइल पाठवणे, टॅब, चित्रमय प्रोग्राम असे सगळे एका पिशवीत देतो. मोफत आवृत्तीत जतन करायच्या जोडण्यांवर मर्यादा आहे, विद्यार्थ्याला ती पुरते. टॅबी दिसायला देखणा, पण इलेक्ट्रॉनवर बांधलेला, म्हणजे पोटात अख्खा ब्राउझर घेऊन फिरणारा. चार जीबी रॅमच्या डेस्कटॉपवर तो जड जातो. लिनक्स-मॅकवर भारतीय प्रोग्रामर कोविद गोयल यांचा किटी वेगवान आहे. ई-पुस्तके हाताळणारा कॅलिबर हाही त्यांचाच.

नेट तुटण्याच्या दुखण्यावर दोन औषधे आहेत. एमआयटीत तयार होऊन २०१२ मध्ये जाहीर झालेला मॉश जोडणी तुटली तरी सत्र टिकवतो, आयपी पत्ता बदलला तरी सोडत नाही आणि अक्षर सर्व्हरकडून परत यायची वाट न पाहता अंदाजाने लगेच दाखवतो. पण त्यासाठी सर्व्हरवरही मॉश लागतो आणि यूडीपी या प्रकारच्या संदेशांची वाट उघडी असावी लागते, जी अनेक संस्थांत बंद असते. दुसरे औषध साधे: सर्व्हरवर टीमक्स हा सत्र जपणारा प्रोग्राम चालवायचा. लाइट गेली, रेंज गेली, तरी काम तिकडे चालूच राहते. परत जोडले की जिथे होतो तिथेच. यासाठी क्लायंट कुठलाही चालतो. आपल्या भागात पावसाळ्यात काम करणाऱ्याने आधी टीमक्स शिकावे, क्लायंटची निवड मागाहून करावी.

स्वतः लिहायचा तर

क्लायंटचे चार थर असतात. पहिला जोडणीचा: सर्व्हरशी हस्तांदोलन, ओळख पटवणे, सांकेतिकरण. दुसरा आदेश वाचणारा: सर्व्हरकडून येणाऱ्या प्रवाहातून साधी अक्षरे आणि व्हीटी१०० वळणाचे सांकेतिक आदेश वेगळे काढणारा. तिसरा पडद्याचा आराखडा: कुठल्या चौकटीत कुठले अक्षर, कुठला रंग, मागे सरकलेल्या ओळी किती जपायच्या. चौथा चितारणारा: फॉन्ट घेऊन तो आराखडा खिडकीत दाखवणारा. याखेरीज खिडकीचा आकार बदलला की सर्व्हरला कळवणे आणि बाणाच्या किंवा फंक्शन कळांचे योग्य संकेत पाठवणे ही न दिसणारी कामे असतात.

पहिला थर विद्यार्थ्याने स्वतः लिहू नये. क्रिप्टोग्राफीत चूक दिसत नाही, फक्त भोवते. डिसेंबर २०२३ मध्ये एसएसएचवरचा टेरापिन हल्ला उघड झाला आणि त्यावर ओपनएसएसएच आणि पटी दोघांनाही नव्या आवृत्त्या काढाव्या लागल्या. एप्रिल २०२४ मध्ये पटीत आणखी एक दोष सापडला. पी-५२१ या एका प्रकारच्या किल्लीने केलेल्या सह्यांत पुरेसा यादृच्छिकपणा नव्हता आणि साधारण ६० सह्या हाती आल्या तर खासगी किल्लीच काढता येत होती. पाव शतक मुरलेल्या प्रोग्रामची ही गत, तर सहा महिन्यांच्या प्रकल्पाकडून काय अपेक्षा करायची? त्यामुळे लिबएसएसएच, पायथनमधले पॅरामिको अशा तयार ग्रंथालयांवरच उभे राहावे.

दुसरा-तिसरा थर मात्र शिकण्यासाठी उत्तम. पॉल विल्यम्स यांनी डिजिटलच्या यंत्रांचा अभ्यास करून आदेश वाचण्याची अवस्था-आकृती प्रसिद्ध केली आहे. ती समोर ठेवून महाविद्यालयीन विद्यार्थी काही आठवड्यांत चालू स्वरूपाचा वाचक लिहू शकतो. तो बरोबर आहे का हे पाहायला व्हीटीटेस्ट हा प्रोग्राम आहे. ब्राउझरच्या तंत्राने बनवायचे असेल तर एक्सटर्म.जेएस तयार आहे, व्हीएस कोड या संपादकातला टर्मिनलही त्यावरच चालतो. एवढे सगळे तयार असताना शून्यापासून नवा क्लायंट लिहिणे हा व्यायाम आहे, लोकांना द्यायची वस्तू नव्हे. लोकांना द्यायची वस्तू करायची असेल तर पुढची वीस वर्षे दोषदुरुस्ती करत राहण्याची तयारी लागते.

देवनागरीची खरी अडचण

खरी उणीव आहे ती इथे, आणि मराठी प्रोग्रामरला करण्यासारखे कामही इथेच आहे.

टर्मिनलचा पडदा चौकटींचा. इंग्रजी अक्षराला एक चौकट, चिनी अक्षराला दोन, हिशेब सरळ. देवनागरीत तो बिघडतो. ‘क्षि’ वाचकाला एक अक्षर, पण युनिकोडमध्ये क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी असे चार संकेत. वेलांटी साठवताना शेवटी असते आणि दिसताना आधी येते. ‘डहाणू’ हे नाव घ्या: वाचकाला तीन अक्षरे, युनिकोडला पाच संकेत. अनेक प्रोग्राम ज्यावर चालतात त्या मार्कुस कून यांच्या जुन्या नियमाने काना एक चौकट घेतो आणि ऊकार शून्य, म्हणून रुंदी होते चार. पायथनमधल्या याच कामाच्या ग्रंथालयाच्या काही नव्या आवृत्त्या कान्याला स्वतंत्र चौकट देत नाहीत, म्हणून त्यांच्या लेखी रुंदी तीन.

आता सर्व्हरवरचा प्रोग्राम चार मोजतो आणि क्लायंट तीन, तर कर्सर एका चौकटीने चुकतो. मग बॅकस्पेस भलतेच अक्षर खातो, ओळ दुरुस्त करताना जुने तुकडे पडद्यावर राहतात, तक्त्याचे स्तंभ वाकडे होतात. फाइल मात्र आतून शाबूत असते, बिघाड फक्त दिसण्यात असतो. पण दिसत नसेल तर काम कसे करायचे? गावांच्या किंवा खातेदारांच्या मराठी याद्या सर्व्हरवर हाताळणाऱ्याला हा त्रास रोजचा.

उपाय तीन बाजूंनी लागतात. अक्षरांची रुंदी ठरवण्याचा एकच नियम सर्व्हर आणि क्लायंटने मानायला हवा. चितारणाऱ्या थराने संकेत एकेक न काढता जोडाक्षराचा पूर्ण गट फॉन्टकडे सोपवायला हवा. आणि चौकटीच्या मापात बसेल असा वाचनीय देवनागरी फॉन्ट हवा. किटीने २०२५ मध्ये मजकुराच्या मापाबाबत नवा संकेत मांडला आहे. त्यात मजकूर चौकटींत कसा विभागायचा हेही लिहून ठेवले आहे. दिशा बरोबर आहे. मात्र तो सगळ्यांनी स्वीकारेपर्यंत मराठी मजकूर टर्मिनलमध्ये दुरुस्त करू नये. फाइल आपल्याकडे उतरवून साध्या संपादकात सुधारावी आणि परत पाठवावी.

या दोषांच्या नेमक्या नोंदी करणे, चाचणीसाठी मराठी शब्दांचे संच देणे, कुठल्या क्लायंटमध्ये ‘र्‍य’, ‘ऱ्ह’, ‘त्र’ कसे दिसते याची चित्रे जोडणे, हे काम कोणी परदेशी प्रोग्रामर आपल्यासाठी करणार नाही. त्याला मोठ्या प्रयोगशाळेचीही गरज नाही.

बसवताना

पहिला नियम: डाउनलोड कुठून करतो ते पाहा. पटीच्या नावाने चालणारे सर्वांत सोपे डोमेन टॅथम यांचे नाही. त्यांनी २०२५ मध्ये पटी.सॉफ्टवेअर हा स्वतःचा सोपा पत्ता घेतला आहे, तिथूनच घ्यावे. सर्च इंजिनवरच्या जाहिरातीतून खोटे पटी पसरवल्याच्या घटना झाल्या आहेत. २०२२ मध्ये तर नोकरीचे आमिष दाखवून, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून, चाचणीसाठी म्हणून विषारी पटी पाठवण्याचा प्रकार मँडियंट या सुरक्षा कंपनीने उघड केला. नोकरीच्या शोधातल्या मुलांनी हे विशेष लक्षात ठेवावे. मूळ कंपनीकडूनच आलेलेही नेहमी सुरक्षित असते असे नाही: २०१७ मध्ये एक्सशेल या क्लायंटच्या अधिकृत आवृत्तीतच मागचे दार घुसवलेले सापडले होते. म्हणून फाइलची डिजिटल सही तपासणे आणि आवृत्ती ताजी ठेवणे, दोन्ही करावे.

दुसरा नियम: पहिल्यांदा जोडताना सर्व्हरच्या किल्लीचा ठसा दाखवून क्लायंट ‘विश्वास ठेवू का?’ असे विचारतो. बहुतेक जण न वाचता होकार देतात. सर्व्हर चालवणाऱ्याकडून ठसा आधी मागवा आणि जुळवा. पुढे कधी ठसा बदलल्याचा इशारा आला तर थांबा, फोन करून विचारा.

तिसरा: पासवर्डऐवजी किल्ली वापरा. ईडी२५५१९ प्रकारची घ्या आणि तिला परवलीचे वाक्य लावा. खासगी किल्ली कुणाला पाठवायची नाही, ना ईमेलने ना व्हॉट्सअ‍ॅपने. सायबर कॅफे किंवा महाविद्यालयाच्या सामाईक यंत्रावर पटी इन्स्टॉल न करता चालवला, तरी त्याची सेटिंग विंडोजच्या रजिस्ट्रीत राहतात. उठताना ती पुसून उठा.

चौथा: परवानगी. दुसऱ्याच्या यंत्रावर परवानगीविना शिरणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ मध्ये बसते, मग पासवर्ड कितीही सोपा असो.

शिकवण्यासाठी मराठी साहित्य अगदीच नाही असेही नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठी आवाजात आहेत. प्रयोगशाळेत इंटरनेट नसले तरी ते आधी उतरवून दाखवता येतात.

निष्कर्ष

आणखी एका नव्या क्लायंटची गरज नाही. विंडोज ११ वर आतच असलेला ओपनएसएसएच, जुन्या डेस्कटॉपवर पटी, सर्व्हरवर टीमक्स आणि जिथे परवानगी असेल तिथे मॉश, एवढ्यावर डहाणू-तलासरीतला कोणीही विद्यार्थी किंवा तंत्रज्ञ उद्यापासून काम सुरू करू शकतो, आणि या प्रोग्रामांसाठी एक रुपयाही लागत नाही. प्रकल्प करायचाच असेल तर सुरक्षेचा थर तयार घ्या आणि आपली बुद्धी देवनागरीच्या चौकटींत खर्च करा. संगणक विभागांनी विद्यार्थ्यांना ‘एसएसएच क्लायंट बनवा’ असा विषय देण्याऐवजी ‘अस्तित्वातल्या एका मुक्त क्लायंटमध्ये मराठी नीट दिसेल असा एक बदल करून तो मूळ प्रकल्पाकडे पाठवा’ असा विषय द्यावा. एक जरी बदल स्वीकारला गेला, तरी त्याचा लाभ तो क्लायंट वापरणाऱ्या प्रत्येक मराठी, हिंदी, नेपाळी माणसाला होईल.